डग्गा ऐकू यावा म्हणून

मलकपेठेतल्या भगवंतराव कंधारकरांना चहाला बोलावलं की यजमानांना एका गोष्टीची तयारी ठेवावी लागे. भगवंतराव आधी माणसांकडे बघतच नसत. खोलीत टेप असेल तर त्याचे स्पीकर कुठे ठेवलेत ते बघत, बॉक्सच्या लाकडावर बोट वाजवत आणि मान हलवून म्हणत, "भिंतीपासून इतका लांब ठेवलाव, बास येणार कुठून?" यजमानीण पोह्यांच्या बशा घेऊन ताटकळत उभी, आणि हे गृहस्थ यजमानालाच हाताशी धरून बॉक्स कोपऱ्यात सरकवायला लागलेले. पुन्हा ऐकायला लावायचे, "आता बघा" म्हणायचे. फरक कळो न कळो, समोरचा बिचारा हो म्हणायचा, कारण पोहे गार होत असायचे.

ते वीज खात्यात हेडक्लार्क होते. शिक्षणासाठी कंधारकडून हैदराबादेत आले आणि इथलेच झाले. शेती भावानं सांभाळली, यांनी फायली सांभाळल्या. साहेबाशी इंग्रजी, शिपायाशी तेलुगू, रिक्षावाल्याशी दखनी आणि घरी मराठी बोलत. त्या मराठीत बाकीच्या तिन्ही भाषा येऊन बसलेल्या असत. अंगात दुसरा कसलाही शौक नव्हता. पान नाही, पत्ते नाहीत. परदेशी निघालेल्या एका इंजिनियरकडून तरुणपणी घेतलेले दोन विलायती बॉक्स, एवढीच त्यांची ऐट. कमरेइतके उंच, जाड लाकडाचे, आत ताटाएवढा काळ्या कागदाचा कोन आणि त्या कोनाच्या भोवती रबराची गोल कड. कोन हलतो म्हणून आवाज होतो आणि ती कड लवचीक असते म्हणून कोन मोकळा हलतो, हे त्यांनी मुलाला, मुलाच्या मित्रांना, गॅसचा सिलिंडर घेऊन आलेल्या माणसालासुद्धा समजावून सांगितलं होतं. मुलाला, कुलदीपला, लहानपणी बॉक्सला हात लावायची मनाई होती. सुशीलाबाई हसून म्हणायच्या, "मला हात लावला तर चालतो, बॉक्सला नाही चालत."

या सुशीलाबाई म्हणजे भगवंतरावांच्या शौकाचं खरं कारण. दिसायला साध्या, नऊवारीतून पाचवारीत आलेल्या, कुणाच्या अध्यात न मध्यात. पण लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर रुखवतासोबत तबला-डग्ग्याची जोडी आली. त्यांचे वडील गावच्या भजनात मृदंग वाजवत, त्यांनी पोरीला शिकवलं होतं. हैदराबादेतल्या महिला मंडळात बाया टाळ वाजवत, पेटी वाजवत. तबल्याला मात्र बाहेरून पुरुष बोलवत. सुशीलाबाईंनी एका गणेशोत्सवात पदर खोचला आणि तबल्यावर बसल्या. पुढे वर्षानुवर्षं त्यांच्याशिवाय मंडळाचं भजन उभंच राहिलं नाही. उजवा हात त्यांचा बेताचाच होता, हे त्या स्वतःच सांगत. पण डावा हात! डग्ग्यावर मनगट दाबून तो असा घुमवत की गाणारीचा सूर जरा इकडेतिकडे झाला तरी कुणाचं लक्ष जात नसे. अशाच एका भजनाला भगवंतराव कुणाचा तरी टेपरेकॉर्डर मागून घेऊन गेले आणि सबंध कार्यक्रम भरून आणला. गाणाऱ्या बाईंच्या तोंडापासून माईक लांब आणि डग्ग्याच्या जवळ, असा त्यांनी मुद्दाम ठेवला होता. त्या बाई नंतर बरेच दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

ती कॅसेट घरात अधूनमधून लागायची, जसे घरोघरी लग्नाचे फोटो काढून बघतात तशी. तिची खरी गरज पडली ती सुशीलाबाईंना लकव्याचा झटका आल्यावर. बोलणं परत आलं, पाय ओढत का होईना चालू लागला, पण डावा हात गेला. बोटं आत वळून कडक झाली. वैद्यानं नारायण तेल चोळायला सांगितलं आणि भगवंतरावांनी ते काम दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. आंघोळीआधी त्या खुर्चीवर बसत, हे समोर पाटावर बसत आणि एकेक बोट हळूहळू सोडवत. कडक झालेलं मनगट महिन्यांच्या मालिशीनं थोडं सैल झालं. डग्गा काही त्यावर पुन्हा वाजणार नव्हता, हे दोघांनाही समजलेलं होतं. मालिश चालू असताना ती कॅसेट लावायची, असा नेमच झाला. सुशीलाबाई आपल्याच डाव्या हाताचं वाजवणं ऐकत बसायच्या आणि कुठे तरी म्हणायच्या, "इथं मी जरा जास्तच दाबला बघा." त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं त्यासाठी भगवंतरावांनी वाटेल ते केलं असतं.

आणि मग सुशीलाबाईंचे कान जायला लागले. आधी दारावरची बेल ऐकू येईना, मग कुकरची शिट्टी, मग माणसांचं बोलणं. यंत्र बसवून पाहिलं, तर त्यांना त्यात नुसतं भांडी घासल्यासारखं काही तरी वाजे. त्यांनी ते काढून डबीत ठेवलं. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी भगवंतरावांना बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं. वरचे आवाज गेलेत. खालचे, जाड आवाज अजून थोडे शिल्लक आहेत. तेही जाणार. वर्ष निघेल, कदाचित नाही निघणार. "जे ऐकवायचं ते ऐकवून घ्या," त्या म्हणाल्या. भगवंतराव घरी आले आणि हातपायसुद्धा न धुता बॉक्ससमोर जाऊन बसले.

जाड आवाज म्हणजे बास, आणि बास म्हणजे डग्गा. बायकोच्या कानांत आता तेवढीच एक खिडकी उघडी होती. पण नेमका त्या जुन्या बॉक्सचाच बास उतरला होता. गेली दोनचार वर्षं तो कमी होत चाललाय हे त्यांना जाणवत होतं. कोनावर बोट ठेवून दाबलं तर तो पूर्वीसारखा आत जात नव्हता. लोकांच्या घरचे बॉक्स सरकवण्याच्या नादात स्वतःच्या घराकडे बघायचं राहून गेलं होतं.

मग माणूस झपाटल्यासारखा कामाला लागला. बॉक्स टेबलावरून खाली, फरशीवर, कोपऱ्यात आणले. मागची फळी उघडून आत कापूस भरला, तो थोडा काढला, परत भरला. सांध्यांना मेण लावून फटी बुजवल्या, कारण आतली हवा फटीतून निसटली की बासही निसटतो. दोन्ही बॉक्सच्या वायरी उलटसुलट जोडल्या गेल्या नाहीत ना, तेही तपासलं. एक कोन पुढे येताना दुसरा मागे गेला तर दोघं मिळून बास खाऊन टाकतात. प्रत्येक खेपेला कॅसेट लावायची आणि सुशीलाबाईंच्या तोंडाकडे बघायचं. सुशीलाबाई कान बॉक्सकडे करून बसत आणि थोड्या वेळानं म्हणत, "येऊ लागलंय. लांबून कुणी वाजवू लागल्यासारखं."

लांबून वाजलेलं त्यांना नको होतं. ते कोठीच्या बाजारात युनूसभाईकडे गेले. युनूसभाईनं एके काळी शहरातले अर्धे स्पीकर दुरुस्त केले होते. आता त्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. छतापर्यंत नव्या वॉशिंग मशिनची खोकी, रंगीत टीव्हीची खोकी. बाजार उघडला होता आणि जो तो नवं घेत होता. त्यानं पत्र्याच्या डब्यांमागून हात पुसत येऊन भगवंतरावांचं ऐकून घेतलं.

"रबर सख्त हो गया साब. उसका इलाज नै," तो म्हणाला. "अब ये माल आता कां है? कोई पूछताइच नै."

कुलदीप दिलसुखनगरला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होता. बापाची धडपड बघून तो एका संध्याकाळी चकचकीत नवी म्युझिक सिस्टिम घेऊन आला. रिमोट, निळे दिवे, बासचं वेगळं बटण. "बाबा, हे टेन्शन सोडा ना. टेक्नॉलॉजी कुठल्या कुठे गेलीय, बटण दाबलं की बास फुल्ल." पोरगा मनानं चांगला होता, आईसाठीच आणलं होतं त्यानं. कॅसेट लावली. खोली दणाणली. सुशीलाबाईंनी नीट ऐकलं, मुलाच्या गालावरून उजवा हात फिरवला आणि नंतर नवऱ्याला म्हणाल्या, "ऐकू तर आलं. पण तो डग्गा नाही हो, कुणी तरी गादी बडवू लागलंय. माझा हात नाही तो." सिस्टिम त्याच रात्री पुन्हा खोक्यात गेली, दुकानात परत द्यायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालिश चालली होती. भगवंतरावांनी सुशीलाबाईंचं मनगट हळूहळू फिरवलं आणि ते फिरलं. एके काळी लाकडासारखं झालेलं मनगट. त्यांच्या मनात एकदम विचार आला आणि तो इतका सरळ होता की आधी का सुचला नाही, याचा त्यांना रागच आला. कडक झालं म्हणून रडतोय कशाला? हे नाही का सैल केलं आपण? ते उठले, तेलाचं बोट घेऊन बॉक्सपाशी गेले आणि रबराच्या कडेवरून हलक्या हातानं गोल फिरवलं. एका बॉक्सला, मग दुसऱ्याला. रबर काळंभोर, तुकतुकीत दिसायला लागलं.

सांगायचं म्हणजे, गुण आला. आठवड्याभरात कोन बोटाखाली हलायला लागला. रोज सकाळी आधी हाताला तेल, मग बॉक्सला तेल. आणि एका सकाळी डग्गा आला. लांबून नाही, खोलीत आला. मनगट दाबल्यावर खालून वर चढत जाणारा तो घुमारा इतक्या वर्षांनी पहिल्यांदा पुरता ऐकू आला आणि सुशीलाबाई खुर्चीत ताठ झाल्या. डोळ्यांतून पाणी येऊ लागलं आणि मान ठेक्यावर हलू लागली. भगवंतराव पाटावर बसल्या बसल्या लहान मुलासारखे रडले. आपण काही तरी केलं आयुष्यात, असं त्यांना त्या दिवशी वाटलं.

तो पावसाळा फार सुखाचा गेला. सुशीलाबाई कॅसेट संपली की उलटी करायला सांगत, परत पहिल्यापासून लावायला सांगत. भगवंतराव गल्लीत छाती काढून चालत. नामपल्लीच्या बाजारात भेटलेल्या हिम्मतराव नावाच्या जुन्या सहकाऱ्याला त्यांनी गर्दीत उभं करून सगळी कृती सांगितली आणि वर बजावलं, "लोक नवं घ्यायला पळू लागलेत. जुन्याला प्रेम लागतं, बस्स." आता गुण आलाच आहे तर तेल थोडं वाढवलेलं बरं, असंही त्यांनी ठरवलं. बोटभर होतं ते दोन बोटं झालं.

रबराला तेल म्हणजे काय, हे भगवंतरावांना माहीत नसावं, याचं खरं तर नवल वाटतं. स्कूटरच्या ट्यूबला ग्रीस लागू देत नसत ते. पण तेल त्यांच्या डोक्यात आता रबराशी जोडलेलं नव्हतंच, ते त्या हाताशी जोडलेलं होतं. ज्या तेलानं बायकोचा हात सैल केला ते वाईट करेल, ही शंकाच त्यांना शिवली नाही.

संक्रांतीच्या सुमाराला त्यांना आवाजात खरखर ऐकू आली. त्यांनी बोट लावून पाहिलं, तर कड भिजलेल्या कणकेसारखी लागली आणि बोटाला काळं आलं. तेल पिऊन रबर फुगलं होतं, गोंद सुटला होता, कागदापर्यंत तेल चढलं होतं आणि स्वतःच्या वजनानं कोन एका अंगाला कलला होता. आतली तारेची गुंडाळी लोखंडाला घासत होती. ती जळून जाईल या भीतीनं त्यांनी आवाज कमी केला. खरखर हा वरचा आवाज; तो सुशीलाबाईंना ऐकू येण्यातला नव्हता. त्यांना कळलं ते एवढंच, की डग्गा मंद झाला. पुढच्या चारदोन दिवसांत तो आणखी मंद झाला. मग एका सकाळी बॉक्सपाशी वाकल्यावर भगवंतरावांना जळका वास आला, एक बॉक्स बंद पडला, आणि दुसऱ्यानं नुसती फडफड केली.

सुशीलाबाई वाट बघत बसल्या. टेपमधलं चाक फिरताना त्यांना दिसत होतं. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "गेलं वाटतं हो."

भगवंतरावांनी वर बघितलं.

"तेवढंच राहिलं होतं, ते पण गेलं," आपल्या कानाला हात लावून त्या म्हणाल्या. "डॉक्टरीणबाई म्हणाल्याच होत्या. तुम्ही नका वाईट वाटून घेऊ. तुम्ही खूप केलं."

त्या क्षणी भगवंतरावांनी बोलायला हवं होतं. कान नाही गेले, बॉक्स गेला, आणि तो मी घालवला, एवढंच. मोठ्यानं बोलून भागलं नसतं तर खुणा करून, बोटाचं काळं दाखवून. पण साऱ्या मलकपेठेला बास शिकवणाऱ्या माणसाच्या तोंडून ते निघेना. त्यांनी मनाशी म्हटलं, आधी दुरुस्त करून आणू. परत डग्गा वाजला की आपोआप सगळं कळेल तिला, मग हसत हसत सांगू. हा त्यांचा भित्रेपणा होता, आणि तो त्यांनाही ठाऊक होता. सुशीलाबाईंनी त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि उलट त्यांचीच समजूत काढत बसल्या.

युनूसभाईनं कोन हातात घेतला आणि नाक मुरडलं. "क्या लगाए इसकू?" भगवंतरावांनी उलट नवे कोन कुठे मिळतील ते विचारलं. नवे कोन हैदराबादेत नव्हते, मुंबईला विचारावं लागणार होतं. मुंबईहून आले ते वेगळ्या मापाचे निघाले. परत पाठवले. मध्ये युनूसभाईच्या मुलीचं लग्न आलं, मग दुकानाचं निम्मं शटर उतरलं, कारण खोकी विकण्यात बरकत होती आणि कोन चिकटवण्यात नव्हती. भगवंतराव दर शनिवारी जाऊन बसत. घरी सुशीलाबाई आता मालिशीच्या वेळी खिडकीबाहेर बघत. त्यांनी कॅसेटचं नाव काढलं नाही. एकदा मात्र म्हणाल्या, "ते बॉक्स कुणाला देऊन टाकले का? बरं केलंत. उगीच जागा अडत होती." त्या महिन्यांत त्यांच्या कानात काय शिल्लक होतं आणि काय रोज थोडं थोडं जात होतं, हे कोण सांगणार? ऐकायला घरात काही नव्हतंच.

बॉक्स परत आले तेव्हा उन्हाळा संपत आला होता. युनूसभाईनं शेवटी एका बंद पडलेल्या थिएटरच्या सामानातून मापाचे कोन मिळवले होते आणि काम मात्र मन लावून केलं होतं. भगवंतरावांनी घरी कुणी नसताना एकट्यानं लावून पाहिलं. असा बास त्या बॉक्समधून नवे असतानाही आला नव्हता. गोल, भरलेला, मनगटाचा दाब न् दाब वेगळा ऐकू येणारा. आयुष्यभर ज्याच्या मागे धावले ते मिळालं होतं.

सुशीलाबाई देवळातून आल्या तशी त्यांनी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि समोर पाटावर बसून, ओठ स्पष्ट हलवत, खुणा करत सगळं सांगितलं. तेल. रबर. जळालेली गुंडाळी. "तुझे कान नव्हते गेले. माझी चूक होती. मी बोललो नाही."

सुशीलाबाई त्यांच्या ओठांकडे बघत होत्या. समजलं तेव्हा त्यांचा चेहरा क्षणभर उतरला. रागावतील, असं त्यांना वाटलं, रागवाव्यात असंही वाटलं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "मग लावा की."

त्यांनी कॅसेट लावली. अभंग सुरू झाला, टाळ आले आणि मग डग्गा आला. खोलीभर तो घुमला. सुशीलाबाईंनी कान पुढे केला. भगवंतराव श्वास रोखून बघत होते. थोड्या वेळानं सुशीलाबाईंच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि त्या मान हलवू लागल्या.

"येऊ लागलंय," त्या म्हणाल्या. "छान येऊ लागलंय हो."

ठेक्याची सम येऊन गेली. त्यांची मान त्यानंतर हलली. पुढची सम आली तेव्हा ती मधेच कुठे तरी हलली, आणि त्याच्या पुढची आली तेव्हा हललीच नाही. या बाईची सम भगवंतरावांनी सबंध संसारात कधी चुकलेली पाहिली नव्हती. झोपेत कुणी ठेका धरला असता तरी चुकली नसती. त्या त्यांच्याकडेच बघत होत्या. त्यांना बरं वाटावं म्हणून हसत होत्या आणि डोळ्यांनी विचारत होत्या, बरोबर हलवतेय ना मी?

भगवंतरावांनी हसून हो म्हटलं. मग तेही तिच्या मानेबरोबर मान हलवू लागले, ती जिथे हलेल तिथे.